हबल मान वळवते कशी?

हबल दुर्बिणीला इंजिन नाही. मोठं नाही आणि छोटंही नाही. वायूचा फवारा मारून इकडेतिकडे सरकवणारी बारीकशी नळीसुद्धा नाही. एप्रिल 1990 मध्ये डिस्कव्हरी नावाच्या यानातून ती वर गेली, त्या यानाच्या लांबलचक यांत्रिक हाताने तिला उचलून अलगद बाहेर सोडलं, आणि तेव्हापासून ती पृथ्वीभोवती घिरट्या घालतेय. लांबी सव्वातेरा मीटर, वजन 11 टनांच्या आसपास.

आता गंमत बघा. ही दुर्बीण एकाच जागी डोळे लावून बसत नाही. आत्ता एखाद्या दीर्घिकेकडे बघत असेल, तर थोड्या वेळाने गुरूकडे, मग कुठल्यातरी धूसर तेजोमेघाकडे. म्हणजे ती वळते. गेली तीसहून जास्त वर्षं वळतेय. इंजिन नाही, सुकाणू नाही, इंधनाचा थेंबही नाही, मग वळते कशी?

उत्तर सांगण्याआधी तुम्ही उभे राहा आणि डावीकडे वळा. खरंच वळा, नुसतं वाचत बसू नका! वळलात? आता आठवा, वळताना तुमच्या तळव्यांनी काय केलं. त्यांनी जमिनीला उलट्या बाजूला रेटा दिला. जमीन हलली नाही, तुम्ही हललात. फरशीवर साबणाचं पाणी सांडलेलं असतं तर हा रेटा बसला नसता, आणि वळण्याऐवजी तुम्ही दाणकन आपटला असतात. मासा पाण्याला रेटतो, घार हवेला रेटते. वळायचं तर कशाला तरी रेटावंच लागतं.

हबलच्या भोवती रेटायला आहे काय? जवळजवळ काहीच नाही.

बरीचशी यानं यावर एक युक्ती करतात. पोटात थोडं इंधन ठेवायचं आणि हवं तेव्हा त्याचा फवारा बाहेर सोडायचा. फवारा एकीकडे, यान दुसरीकडे. हबलला हे चालण्यासारखं नव्हतं. तिचा 2.4 मीटर रुंदीचा आरसा इतका नाजूक, इतका गुळगुळीत, की फवाऱ्यातले कण त्याच्यावर बसले तर सगळीच पंचाईत. शिवाय इंधन कधीतरी संपतंच. तेव्हा अभियंत्यांनी विचार केला, बाहेर रेटायला काही नाही ना? मग रेटायची वस्तू घरातूनच बांधून देऊ. आणि त्यांनी हबलच्या पोटात चार चाकं बसवली.

हो, चाकं. कुठेही न टेकणारी, जागच्या जागी गरगरणारी.

पटत नसेल तर हा प्रयोग करा. घरात किंवा कुणाच्या ऑफिसात गोल फिरणारी खुर्ची असेल, तिच्यावर बसा. पाय वर उचला, कुठेही टेकू देऊ नका. दोन्ही हातांत एकेक जाडजूड पुस्तक घ्या. (शब्दकोश असेल तर उत्तम, नाहीतरी तो बिचारा कपाटात पडूनच असतो.) हात समोर ताठ करा आणि झटक्यात डावीकडे न्या. खुर्ची उजवीकडे वळेल. हात उजवीकडे आणले की खुर्ची डावीकडे. भिंतीला हात लावला नाही, जमिनीला पाय लावला नाही, तरी वळलात! कारण तुम्ही रेटा दिलात तो हातांतल्या पुस्तकांना.

शास्त्रज्ञ म्हणतात, कोनीय संवेग अक्षय्य असतो. नाव भारदस्त आहे, हिशेब साधा आहे. बाहेरून कुणी पीळ दिला नाही, तर वस्तूच्या सगळ्या भागांच्या फिरण्याची बेरीज आधी होती तेवढीच राहते. सुरुवातीला सगळं शांत, म्हणजे बेरीज शून्य. आता एक भाग डावीकडे फिरू लागला तर उरलेल्याला उजवीकडे फिरावंच लागेल, नाहीतर बेरीज शून्य येणार कशी?

अडचण एवढीच, की हात डावीकडे नेऊन नेऊन किती नेणार? खांद्यापाशी अडतातच. चाकाला खांदा नसतो. ते हवं तितका वेळ, हव्या तितक्या फेऱ्या मारू शकतं. म्हणून पुस्तकं धरलेल्या हातांच्या जागी चाक बसवलं की यानाची वळायची सोय झाली. या चाकांना रिॲक्शन व्हील म्हणतात. विजेच्या मोटरने चाक एका दिशेला फिरवलं की यान उलट दिशेला वळू लागतं, आणि चाक पुन्हा पहिल्या वेगावर आणलं की यान थांबतं. वीज तर काय, सौरपट्ट्या उन्हातून बनवतातच.

हबलचं एकेक चाक 59 सेंटीमीटर रुंद आणि 45 किलोचं आहे. मिनिटाला 3000 फेऱ्यांपर्यंत ते फिरू शकतं. पण कुठे 45 किलो आणि कुठे 11 टन! त्यामुळे चाक भराभर फिरतं आणि दुर्बीण इतकी सावकाश वळते, की बघणाऱ्याला जांभई यावी. काटकोनात वळायला तिला साधारण पाव तास लागतो. भिंतीवरच्या घड्याळाचा मिनिटकाटाही पाव तासात काटकोनच फिरतो. बस, तोच हबलचा वेग.

हळू वळते म्हणून तिला नावं ठेवू नका, कारण एकदा नजर रोखली की ती हलत नाही. किती हलत नाही? एका अंशाचे 3600 भाग करा. त्यातल्या एका भागाला कोनीय सेकंद म्हणतात. त्या इवल्याशा भागाचे पुन्हा हजार तुकडे करा आणि त्यांतले सात उचला. फोटो काढताना हबलची नजर तेवढीच काय ती ढळते. मुंबईत बसून जालन्यातल्या एका रुपयाच्या नाण्यावर लेझरचा ठिपका रोखलात (पृथ्वीचा बाक आणि मधले डोंगर घटकाभर विसरा), तर इतक्या स्थिर हातातला ठिपका नाण्याबाहेर जाणार नाही. फवाऱ्याच्या धक्क्यांनी हे काम होणं कठीण. चाकाचा वेग मात्र किंचित किंचित कमीजास्त करता येतो.

एक घोटाळा इथेच निस्तरून टाकू. "हबलचा जायरो बिघडला" अशा बातम्या अधूनमधून येतात. ते जायरो वेगळे आणि ही चाकं वेगळी. आपण किती आणि कोणीकडे वळतोय हे जायरो ओळखतो. वळवण्याची मेहनत चाकं करतात. जून 2024 पासून हबल एकाच जायरोवर भागवतेय, म्हणजे वळायला तिला काही अडचण नाही, वळण मोजायला थोडी आहे.

आणि चाकं चार का? मान डावीउजवीकडे, वरखाली आणि खांद्याकडे कलती, अशा तीनच प्रकारांनी वळू शकते, म्हणून तीन चाकं पुरतात. चौथं जास्तीचं. चारही अशी तिरकी बसवतात की कुठलंही एक बंद पडलं तरी उरलेली तिघं मिळून सगळ्या दिशा सांभाळतील. चौथ्या चाकाचा हा शहाणपणा किती कामाला येतो, ते पुढे बघाच.

त्याआधी या चाकांची एक खोड सांगायला हवी. प्रकाशालाही रेटा असतो, माहीत आहे? तुमच्या गालावर ऊन पडतं तेव्हा ते गाल ढकलतंही, पण इतकं कमी की कळत नाही. अवकाशात मात्र यानाला धरून ठेवणारं कुणीच नाही, म्हणून तेवढ्यानेही ते हळूहळू फिरू लागतं. मग ते वळू नये म्हणून चाकाला थोडं जोरात फिरावं लागतं. ऊन ढकलतच राहतं, चाक वेग वाढवतच राहतं, आणि एक दिवस त्याची मर्यादा येते. त्याहून जोरात फिरता येत नाही. चाक तुडुंब भरलं, म्हणा ना! ते रिकामं करायचं तर पुन्हा बाहेरचं काहीतरी रेटायला हवंच.

हबलने यावर सुंदर उत्तर शोधलंय. तिच्या अंगावर लांबच लांब विद्युतचुंबक आहेत. ते चालू केले की पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र त्यांना पिळतं, जसं होकायंत्राच्या सुईला पिळतं तसंच. त्या पिळाच्या आधाराने चाकांचा जास्तीचा वेग उतरवता येतो. म्हणजे शेवटी हबल रेटते ती आपल्या पृथ्वीलाच, फक्त न शिवता.

केप्लर दुर्बिणीला ही चैन नव्हती. ती 7 मार्च 2009 रोजी निघाली आणि पृथ्वीभोवती न फिरता थेट सूर्याभोवती फिरू लागली. तिथे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र कुठलं? म्हणून तिच्याकडे चाकं रिकामी करायला इंधन होतं. तिचं काम अगदी एकमार्गी. हंस आणि स्वरमंडळ या तारकासमूहांच्या बाजूचा आकाशाचा एक तुकडा निवडायचा, त्यातल्या सुमारे दीड लाख ताऱ्यांकडे टक लावून बघत राहायचं, आणि कुठल्या ताऱ्याचा उजेड मधूनच किंचित कमी होतो का ते टिपायचं. किंचित कमी झाला म्हणजे त्याच्यासमोरून एखादा ग्रह सरकत गेला असणार! पृथ्वीएवढा ग्रह सूर्यासारख्या ताऱ्यासमोरून गेला तर उजेड दहा हजारात जेमतेम एक भाग कमी होतो. एवढा फरक पकडायचा तर नजर अजिबात ढळता कामा नये.

जुलै 2012 मध्ये केप्लरचं एक चाक बंद पडलं. काही बिघडलं नाही, चौथं होतंच ना. मग मे 2013 मध्ये आणखी एक गेलं.

उरली दोन. दोन चाकांनी दोनच प्रकारे वळता येतं. तिसऱ्या प्रकाराला आवर घालणारं कुणी नाही, म्हणून दुर्बीण आपल्याच अक्षाभोवती हळूहळू गोल गोल घरंगळणार. पृथ्वीपासून कोट्यवधी किलोमीटर दूर, दुरुस्तीला कुणी जाऊ शकत नाही. तुम्ही काय केलं असतंत? दोन मिनिटं विचार करा, मगच पुढे वाचा.

केप्लरच्या अभियंत्यांनी त्रास देणाऱ्यालाच कामाला लावलं. ऊन ढकलतं ना यानाला? ढकलू दे! केप्लरची सौरपट्टी तिच्या पाठीवर दोन उतारांच्या छपरासारखी आहे. हे छप्पर बरोबर सूर्यासमोर धरलं, तर दोन्ही उतारांवर ऊन सारखंच पडतं, दोन्हीकडून रेटा सारखाच बसतो, आणि दुर्बीण मधोमध तोल सांभाळून राहते. म्हणजे दोन चाकं लोखंडी आणि तिसरं चाक उन्हाचं! तोल थोडा थोडा ढळायचाच, तो साधारण सहा तासांनी एकदा छोटासा फवारा मारून सावरायचे. या पद्धतीत एका जागी सुमारे 80 दिवसच बघता यायचं, कारण दुर्बीण सूर्याभोवती पुढे सरकली की ऊन तिरकं पडू लागे. मग नवी जागा निवडायची.

2014 मध्ये केप्लरचं हे दुसरं आयुष्य सुरू झालं आणि चार वर्षांहून जास्त टिकलं. दोन्ही आयुष्यांत मिळून तिने 2600 पेक्षा जास्त ग्रह शोधले. 30 ऑक्टोबर 2018 रोजी नासाने तिला निवृत्त केलं ते इंधन संपलं म्हणून. उरलेली दोन चाकं तोवर फिरतच होती. अवकाशातल्या दुरुस्त्यांच्या सगळ्या गोष्टींत मला ही सर्वांत आवडते, कारण यात दुरुस्ती अशी काही झालीच नाही. झाली ती डोकेबाज तडजोड.

जपानच्या हायाबुसा यानाचीही अशीच तऱ्हा. इतोकावा नावाच्या छोट्याशा लघुग्रहावरची धूळ आणायला ते गेलं होतं. तीन चाकांपैकी दोन 2005 मध्ये गेली. मग त्याच्या इंजिनांसाठी ठेवलेला झेनॉन वायूच बारीक बारीक सोडून त्याची दिशा सांभाळली, आणि 13 जून 2010 रोजी त्याने धुळीची डबी ऑस्ट्रेलियात आणून टाकली. पोचायला उशीर झाला, पण पोचलं.

चाकं बिघडतात कशाने? चाक फिरतं ते बेअरिंगवर, म्हणजे गुळगुळीत गोळ्यांच्या कड्यावर. वर्षानुवर्षं, दिवसरात्र. पृथ्वीवर आपण सायकलच्या बेअरिंगला तेल घालतो, तिकडे कोण घालणार? आणखी एक संशयित आहे: सूर्यावरची वादळं. त्यांच्यामुळे बेअरिंगच्या धातूच्या गोळ्यांमध्ये बारीक ठिणग्या उडत असाव्यात आणि गोळ्या खरवडल्या जात असाव्यात, असा काही अभियंत्यांचा तर्क आहे. हल्ली अशा चाकांत गोळ्या चिनीमातीच्या भाऊबंदांपैकी एका कठीण पदार्थाच्या बसवतात. त्यातून वीज जातच नाही.

आपल्याकडची यानंही अशाच चाकांवर वळतात. इस्रोची ही चाकं तिरुवनंतपुरमच्या इनर्शियल सिस्टिम्स युनिटमध्ये घडतात. मंगळयानात अशी चार होती. 2015 मध्ये गेलेली ॲस्ट्रोसॅट वेधशाळाही चाकांवरच वळते, आणि तिच्यावरची काही उपकरणं मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने आणि पुण्याच्या आयुकाने मिळून घडवलेली आहेत. पण प्रत्येक उपग्रहाला चाक लागतंच असं नाही बरं का! पुण्याच्या सीओईपी महाविद्यालयातल्या मुलामुलींनी 'स्वयम्' नावाचा किलोभराचा उपग्रह बनवला, तो जून 2016 मध्ये वर गेला. त्यात त्यांनी नुसते चुंबक बसवले होते, आणि उपग्रह पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने आपोआप तोंड करून राहायचा. कमी कामाला कमी खटाटोप. मला हे फार आवडलं.

आता मोठ्या घराकडे जाऊ. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक सुमारे 420 टनांचं आहे आणि 109 मीटर लांब. त्याची एकच बाजू सतत पृथ्वीकडे ठेवायची, म्हणजे दर दीड तासाच्या फेरीत त्याला स्वतःभोवतीही एक गिरकी घ्यावी लागते. एवढ्या धुडाला रिॲक्शन व्हील पुरत नाही. तिथे वेगळी करामत आहे.

सायकलचं सुटं चाक मिळालं तर ही करामत हाताला जाणवेल. आसाची दोन्ही टोकं दोन हातांत धरा आणि मित्राला ते जोरात फिरवायला सांगा. बोटं आऱ्यांपासून लांब ठेवा! आता फिरतं चाक एका बाजूला कलवून बघा. ते सरळ कलणार नाही. भलत्याच दिशेला, काटकोनात, मनगट पिरगाळेल. थांबलेलं चाक असा हट्ट करत नाही. तेच चाक घेऊन त्या गोल खुर्चीवर बसलात तर ते तुम्हाला खुर्चीसकट वळवतं.

स्थानकावर अशी हट्टी चाकं चार आहेत. प्रत्येकातलं पोलादी चाक 98 किलोचं आणि मिनिटाला 6600 फेऱ्या मारणारं, म्हणजे सेकंदाला 110! यांना कंट्रोल मोमेंट जायरो म्हणतात. (नावात जायरो असला तरी हे वळण मोजत नाहीत, वळवतात.) यांचा वेग बदलत नाहीत, नुसता आस कलवतात. कलवायला लहानशी मोटर पुरते आणि बदल्यात स्थानकाला दणदणीत पीळ मिळतो. थोड्या जोरात मोठं काम, सौदा फायद्याचा आहे. हीसुद्धा कधीकधी तुडुंब भरतात, तेव्हा स्थानकाच्या रशियन भागातली छोटी इंजिनं मदतीला येतात.

यांतलं एक जून 2002 मध्ये बंद पडलं. पुढच्या वर्षी कोलंबिया यानाचा अपघात झाला, नासाची सगळी शटल यानं जमिनीवरच थांबली, आणि नवं चाक बसायला 2005 चा ऑगस्ट उजाडला. सोइची नोगुची आणि स्टीफन रॉबिन्सन या दोघांनी बाहेर जाऊन जुनं काढलं आणि नवं बसवलं. चाक, चौकट, मोटर असा सगळा जामानिमा मिळून सुमारे 270 किलो. अवकाशात त्याला वजन नव्हतं हे खरं, पण ढकलायला आणि थांबवायला ते तितकंच जड होतं.

इथे मला एक हिशेब करून बघावासा वाटला. 98 किलोचं चाक सेकंदाला 110 फेऱ्या मारतंय, म्हणजे त्यात ऊर्जा भरलेली आहे. किती? नासाने दिलेले आकडे घेऊन गुणाकार केला, तर उत्तर येतं साधारण अर्धं युनिट. विजेच्या बिलावर असतं ना, तेच युनिट. अर्ध्या युनिटात छताचा साधा पंखा सहा तास चालतो. म्हणजे स्थानक ज्याला वळायचं यंत्र समजतं, ती एक बॅटरीसुद्धा आहे!

चाकात ऊर्जा साठते हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. हाताने फिरवायचं कडबाकुट्टीचं यंत्र पाहिलंत का? त्याचं चाक मुद्दाम केवढंतरी मोठं आणि ओतीव लोखंडाचं असतं. सुरुवातीला फिरवताना दम निघतो, पण एकदा गती आली की कडब्याची पेंढी पात्याखाली आली तरी चाक अडत नाही, साठवलेल्या गतीच्या जोरावर खचकन कापून पुढे जातं. अशा चाकाला फ्लायव्हील म्हणतात. स्वित्झर्लंडमध्ये तर 1953 साली अशा चाकावर बस धावली होती. दीड टनाचं चाक थांब्यावर विजेने फिरवून घ्यायचं आणि त्याच्या गतीतून परत वीज काढत पुढे जायचं.

मग अवकाशात का नको? स्थानक दीड तासात पृथ्वीची एक फेरी पूर्ण करतं, त्यात अर्ध्या तासाहून थोडा जास्त वेळ अंधारात जातो. दिवसाला सोळा वेळा ऊन, सोळा वेळा अंधार. उन्हात बॅटरी भरायची, अंधारात वापरायची. वर्षाला सहा हजारांच्या जवळपास वेळा हे चालतं, आणि बॅटरी रसायनांची असल्यामुळे दर वेळी थोडी थोडी झिजते. चाकात रसायन नाही. ते फिरवा, थांबवा, परत फिरवा, त्याला काही वाटत नाही.

अमेरिकेत ओहायो राज्यात क्लीव्हलँडला नासाचं ग्लेन संशोधन केंद्र आहे. तिथल्या मंडळींनी याच कल्पनेवर वर्षानुवर्षं काम केलं. स्थानकातल्या काही बॅटऱ्यांच्या जागी चाकं बसवायचा बेतही होता. त्यांचं चाक कडबाकुट्टीच्या चाकाच्या अगदी उलट. जड लोखंडाऐवजी त्यांनी हलका कार्बनचा धागा गुंडाळून कडं बनवलं. कारण असं, की चाकाचं वजन दुप्पट केलं तर ऊर्जा दुप्पट होते, पण वेग दुप्पट केला तर ऊर्जा चौपट होते. वेग तिप्पट, तर नऊपट! म्हणून वजनाच्या मागे लागण्यापेक्षा वेगाच्या मागे लागावं. मात्र फार वेगात चाक स्वतःच्याच ताणाने फाटू शकतं, आणि लोखंडापेक्षा कार्बनचा धागा हा ताण कितीतरी जास्त सोसतो. त्यांचं एक चाक मिनिटाला 60,000 फेऱ्या मारायचं. सेकंदाला हजार. तुम्ही "एक" म्हणेपर्यंत हजार. या वेगात गोळ्यांचं बेअरिंग कुठलं टिकायला? म्हणून चाक चुंबकांनी अधांतरी धरलेलं. हवेचं घर्षण नको, म्हणून डबीतली हवा काढून टाकलेली. एकच यंत्र वीज घेताना मोटर व्हायचं आणि वीज देताना जनित्र.

तुम्ही आता हुशार झालात, म्हणून शंका काढाल: या चाकातून वीज काढली की ते हळू होणार, आणि हळू झालं की यान वळणार! बरोबर. म्हणून त्यांनी चाकं दोन घेतली, उलट दिशांना फिरणारी. दोघांचा वेग सारखाच कमी केला, तर दोन्ही पीळ एकमेकांना खोडून काढतात, वीज मिळते आणि यान जागचं हलत नाही. एकाचा वेग वाढवून दुसऱ्याचा कमी केला, तर एकाची ऊर्जा दुसऱ्यात जाते आणि यान वळतं. आणि दोन्ही कामं एकदम हवी असतील, तर दोघांचे वेग थोडे वेगवेगळे बदलायचे. 2004 मध्ये ग्लेन केंद्रात जमिनीवर हे करून दाखवलं. दोन चाकांनी एकाच वेळी वीजही पुरवली आणि मागितला तेवढा पीळही दिला.

पण स्थानकावर ही चाकं कधी गेलीच नाहीत. तो बेत मध्येच बारगळला. 2017 ते 2021 या काळात स्थानकातल्या जुन्या 48 बॅटऱ्या काढून 24 लिथियम बॅटऱ्या बसवल्या. मोबाइलमुळे आणि गाड्यांमुळे लिथियम बॅटऱ्या झपाट्याने हलक्या आणि स्वस्त झाल्या, चाकाला तेवढा वेळच मिळाला नाही. चाकाच्याही उणिवा आहेत. फुटलं तर तुकडे अडवायला भक्कम आवरण लागतं, त्याचं वजन होतं. आणि नुसतं ठेवलं तरी त्याची गती थोडी थोडी उतरत जाते. चंद्रावरची रात्र आपल्या चौदा दिवसांएवढी असते. तेवढा वेळ वीज सांभाळायची तर चाक कुचकामी, असं माझं स्पष्ट मत आहे. पण दीड तासात एकदा भरायचं आणि अर्ध्या तासात रिकामं करायचं, हे काम चाकाला जितकं शोभतं तितकं दुसऱ्या कशालाच शोभत नाही. तुमच्यापैकी कुणी पुढे अभियंता होणार असेल, तर हे अर्धवट राहिलेलं काम लक्षात ठेवा.

तोवर एक कोडं. स्थानकाच्या एका चाकात अर्धं युनिट ऊर्जा असते. तेच चाक दुप्पट वेगाने फिरवता आलं, तर किती युनिटं मावतील? (उत्तर एक युनिट आलं असेल तर मागे जाऊन पुन्हा वाचा.) उत्तर मिळालं की घरचं विजेचं बिल मागून घ्या, महिन्याच्या युनिटांना 30 ने भागा, आणि तुमच्या घराला एका दिवसासाठी अशी दुप्पट वेगाची किती चाकं लागतील ते आम्हाला पत्राने कळवा.